सिक कोण, गाडी की मी

आमची मोटरसायकल घरून निघायची तेव्हा अगदी शहाण्यासारखी निघायची. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीतून बाहेर, अंडरब्रिजखालून, स्टेशनच्या अंगानं, तिथपर्यंत कशी एका सुरात. मग सदर बाजार जवळ आला की तिला काहीतरी व्हायचं. मधेच ओढायची, मधेच सोडायची. मी मागे बसलेली, मांडीवर पिशवी, तर माझं कपाळ यांच्या पाठीवर आपटायचं. असे चार-सहा हिसके द्यायची आणि बंद. बंद कुठे, तर सोनाराच्या दुकानासमोर, भर गर्दीत, मागून सगळे हॉर्न वाजवून राहिले.

मग काय, उतरा. हे गाडी ढकलत बाजूला घेणार, मी माझे गुडघे सांभाळत मागे. एखाद्या दुकानाच्या पायरीवर दहा-पंधरा मिनिटं बसायचं. तेवढ्यानं ती पुन्हा चालू व्हायची, जसं काही झालंच नाही.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, साडीला फॉल, असलं. अस्तर, दोरे, हुक यासाठी आठवड्यातून एकदा सदर बाजार करावाच लागतो. हे रिटायर झाले तेव्हापासून मला हेच नेतात. तुम्ही म्हणाल, रिक्षा करा ना. करता येते. पण आठवड्यातलं ते एक काम यांचं होतं, अन् ते त्यांच्याकडून काढून घ्यायला माझा जीव होत नव्हता.

कारण दोन वर्षांपासून यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, गोळ्यांनी थोडा कमी होतो, पण थांबत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. गाडीच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाला चावी लागते, ती त्या भोकात जाईना. एकदा पंपावर मागे लाईन लागलेली अन् यांची चावी झाकणावर नुसती खडखड वाजत राहिली. त्या दिवसापासून झाकण उघडणं-लावणं माझ्याकडे आलं. पंप आला की मी उतरते, झाकण उघडते, लावते. हे समोर बघत बसतात. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आमचा पोरगा चौबे कॉलनीत राहतो, ऑफिसात आहे. त्याला कळलं की बाबा सदर बाजारात दर वेळी अडकतात. एका रविवारी आला, गाडी घेतली, पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, दोन चकरा मारल्या, पाच मिनिटांत परत.

"आई, गाडी एकदम ठीक है," तो मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, त्याचं तसंच असतं. "बाबांचा हात अ‍ॅक्सिलेटरवर टिकत नाही. हाथ हिलता है तो गाडी झटके मारेगी ही ना. उद्या सदरमधे एखाद्या गाडीखाली आले तर?"

"मिस्त्रीले दाखवू दे आधी," मी म्हणाली.

"दाखवा. पण ठीक नाही झाली तर मी चावी घेऊन जाईन. किसी रविवार को. सांगून ठेवतो."

तो वाईट नाही हो. त्याला भीती वाटते. मलाही वाटायची. पण त्याचं हळू बोलणं हळू नव्हतं. बाहेरच्या खोलीत हे पेपर धरून बसले होते अन् पेपर जसा हलतो तसा हलत होता.

तर आता प्रश्न असा होता, अन् तो यांनीच मांडला, दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीकडे बघत: "सिक कोण हाय, गाडी की मी?"

सिक म्हणजे काय ते सांगते. हे रेल्वेत वॅगन तपासायचे. मालगाडी यार्डात आली की हातात हातोडी घेऊन एकेका चाकावर मारत जायचं अन् आवाज ऐकायचा. चांगलं चाक टणकन बोलतं. तडा असला तर भद्द आवाज येतो. मग वॅगनवर खडूनं मोठ्ठं लिहायचं, सिक. ती वॅगन कापून वेगळ्या लाईनीवर न्यायची. दुरुस्त झाली की पुसून फिट लिहायचं. यांचा खडू कोणी खोडू शकत नव्हतं, साहेब पण नाही. माझ्या लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी यांच्या शर्टाच्या खिशातून खडूचे तुकडे काढूनच कपडे धुतले.

यांची तपासायची रीत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, अन् जे कळलं नाही ते बरं झालं असं मानायचं नाही. अंगणाच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, प्लग. प्लग बदलला, सदरला गेलो, बंद पडली. प्लगवर रेघ मारली. मग हवेचं फिल्टर. बंद पडली, रेघ. मग कार्बोरेटर साफ करायला मिस्त्रीकडे. मिस्त्री आमच्या पाऱ्यातलाच, बोलायला गोड. गाडी त्याच्याकडे दोन-दोन दिवस राहायची.

"अम्मा, मैं तो इसको टाटीबंध तक घुमा के लाया," तो म्हणायचा. "हव, एक झटका नहीं. बाबूजी से बोलो, गाड़ी को प्यार से चलाएँ."

प्यार से. यांनी ते ऐकलं.

तीनदा गाडी त्याच्याकडे गेली. तिन्ही वेळी मी तिला नीट आवरून दिली, पोरीला मामाकडे पाठवावं तशी. तिन्ही वेळी त्याच्याकडे एक हिसका नाही, अन् घरी आणून सदरला नेली की पुन्हा तेच. भिंतीवरची यादी लांब होत गेली अन् सगळ्यावर रेघा. थकायला व्हायचं हो. त्या पायरीवर बसून बसून त्या दुकानदाराच्या नोकराला पण आम्ही ओळखीचे झालो. "आ गए?" असं म्हणायचा.

मग एक दिवस यांनी गाडी अंगणात डबल स्टँडवर लावली अन् मला स्टूल दिलं.

"बस. मले आता बारीक आवाज ऐकू नाही येत. तू ऐक."

आधी हात न लावता नुसतं इंजिन चालू ठेवलं. एकसारखा आवाज. माझ्या शिलाई मशीनला तेल दिल्यावर जसा येतो तसा. मी म्हणाली, "एकसारखा हाय."

मग त्यांनी उजव्या हातानं अ‍ॅक्सिलेटर थोडा पिळून धरला. "आता?"

आता आवाज हलत होता. वर-खाली, वर-खाली, लहान लहान. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. हात अन् आवाज एकाच वेळी हलत होते. कोणालाही दिसलं असतं. पण ते इंजिनकडे बघत होते, माझ्याकडे कान करून, शाळेतल्या पोरासारखे.

"नीट ऐक ना वं. कसा हाय?"

"एकसारखाच तं हाय," मी म्हणाली.

त्यांनी भिंतीवर लिहिलं, हात. अन् त्याच्यापुढे, फिट.

मी उठून भाजी निवडायला गेली. त्या दिवशी जेवताना बरेच दिवसांनी ते बोलले, यार्डातल्या गोष्टी सांगत बसले, अन् मी नुसती वाढत राहिली.

दोन-तीन आठवडे गेले. पोराचा फोन आला, या रविवारी येतो म्हणून. त्याच्या आधीचा गुरुवार होता. मला अस्तर आणायचंच होतं. निघालो. सदर बाजार आला, हिसके आले, बंद. पायरी आली. नोकर म्हणाला, "आ गए?"

हे पायरीवर बसले अन् उजवा हात खिशात घातला. मग डाव्या हातानं चावी काढून माझ्या पिशवीवर ठेवली.

"घे. पोरगं येईन रविवारी, त्याले देऊन टाक. गाडीत काहीच नाही राहिलं बदलायसारखं. मीच सिक हाय."

मी खोटं बोलली होती ते तोंडाशी आलं, पण भर बाजारात, त्या नोकरासमोर, कसं सांगायचं? काहीतरी करायचं म्हणून मी उठली अन् टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल तर नाही संपलं, बघावं. म्हणजे मला माहीत होतं संपलं नाही.

झाकण सहज उघडत नव्हतं. कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. जोर लावला तर सुप् असा आवाज झाला, आत ओढल्यासारखा. अन् झाकणाखालची पन्नी बघितली तर ती वाटीसारखी आत खोल गेलेली, ताणून बसलेली.

आता ही पन्नी काय ते सांगावं लागेल.

आमच्या रायपुरात काळी धूळ पडते. कारखान्यांची. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी काळी. वाळत घातलेले कपडे झटकले तर काळे कण. गेल्या पावसाळ्यात टाकीत पाणी पण गेलं होतं अन् गाडीला फार त्रास झाला होता. तेव्हा मी विचार केला, झाकण आपल्या ताब्यात आहेच, तर आतून एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, लावून टाकू. पाणी नको, धूळ नको. आधी साधी पातळ पन्नी लावली. ती पेट्रोलनं लवकर फाटायची. मग दिवाळीनंतर मी दुधाच्या पिशवीची लावली. ती जाड, मजबूत. पिशवी धुतली, वाळवली, स्टीलची वाटी ठेवून गोल आखली अन् शिवणाच्या कात्रीनं कापली. टाकीच्या तोंडावर ठेवून वरून झाकण दाबलं की अशी घट्ट बसायची, मलाच माझं कौतुक वाटायचं. यांना सांगितलं नाही. यात काय सांगायचं?

अन् मिस्त्रीकडे गाडी जायची तेव्हा ती पन्नी मी काढून ठेवायची. एकदा दुसऱ्या एका मिस्त्रीनं माझी चांगली कापलेली पन्नी कचरा समजून फेकून दिली होती. म्हणून गाडी पाठवायच्या आधी काढायची, गाडी आली की परत लावायची.

आता सदर बाजारात उभं राहून मला तेलाचा डबा आठवला. पंधरा किलोचा. त्याला एकच भोक पाडलं तर तेल भक् भक् करून पडतं, मधेच थांबतं, मधेच उसळतं. दुसऱ्या बाजूनं एक लहान भोक पाडलं की कशी सरळ धार लागते. आत हवा गेली तरच तेल बाहेर येतं. हे मला माझ्या आईनं हातोडी-खिळा हातात देऊन शिकवलं होतं, मी परकर घालायची तेव्हा. हिसके खाणारं ते तेल अन् हिसके खाणारी आमची गाडी. टाकीत हवा जायची वाट माझ्या पन्नीनंच बंद केली होती.

पन्नी मुठीत चुरगळली, झाकण लावलं.

"अहो, चला. एकदा चालू करून बघा."

"राहू दे वं."

"मी म्हणून राहिली ना. चला."

पहिल्या किकमधे चालू झाली. मी म्हटलं सरळ घरी नको, तलावाकडून फेरी मारू. बूढा तालाबाकडून गेलो, मोठ्ठा फेरा घेतला, अर्धा तास झाला असेल. एक हिसका नाही. घरी आल्यावर मी मूठ उघडून ती पन्नी ओट्यावर ठेवली अन् सगळं सांगितलं. पन्नी, धूळ, मिस्त्री, तेलाचा डबा, सगळं. हाताचं सोडून.

मला वाटलं चिडतील. ते पन्नीकडे बघत राहिले अन् मग असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला.

"व्हॅक्यूम! अख्खी नोकरी वॅगनच्या ब्रेकचा व्हॅक्यूम तपासण्यात गेली, अन् घरात बायको व्हॅक्यूम करून राहिली!"

"हसू नका. तीन महिने माझे गुडघे गेले त्या पायरीवर."

"तू झाकणाखाली काही ठेवशील हे मले काहून कळलं नाही? मी झाकण उघडून पाहाले पायजे होतं." मग जरा थांबून म्हणाले, "झाकण मी उघडतच नाही ना."

पण यांचं समाधान एवढ्यानं होत नाही. शुक्रवारी सकाळी म्हणाले, दोष परत आणून दाखवता आला पाहिजे, नाहीतर तो दोष सापडला असं म्हणता येत नाही. पन्नी परत लावायला लावली. सदरला गेलो, हिसके, बंद. त्या नोकराला यांनी स्वतःच सांगितलं, "आ गए." तिथेच मी पन्नी काढली. गाडी सरळ. भिंतीवर लिहिलं, झाकण. त्यापुढे बरोबरची खूण.

त्या दिवशी मला वाटलं, संपलं. पोरगा येईल, त्याला सांगू, गाडीचाच दोष होता, तोही तुझ्या आईनं केलेला. चावी घरात राहील. माझं ते खोटं बोलणं कोणाला कळणार? अन् कळून कोणाचं भलं?

रविवारी सकाळी मी भांडी घासत होती. बाहेर डबल स्टँडचा आवाज आला. मग हाक आली.

"जरा इकडे ये वं. स्टूल घेऊन ये."

"आता काय राहिलं? बरी झाली ना गाडी."

"एक दोष सापडला म्हणून वॅगन फिट होत नाही. शेवटी पूर्ण तपासावी लागते. बस."

मी हात पुसत बसली. त्यांनी इंजिन चालू केलं. हात न लावता, एकसारखा आवाज. मग उजवा हात ठेवला, थोडा पिळला, धरला. आवाज वर-खाली, वर-खाली.

"कसा हाय?"

अंगणात काळी धूळ पडलेली, त्यात त्यांच्या चपलांचे ठसे. मला एवढं थकल्यासारखं झालं की त्या स्टुलावरून उठूच नये. एकसारखा म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. पण त्याच हातामागे मी बसते. पोरगा म्हणतो तसं उद्या काही झालं तर भिंतीवरचा तो फिट मी लिहिलेला.

"हलून राहिला," मी म्हणाली. "हात हलतो तसा हलते."

त्यांनी इंजिन बंद केलं.

"आजच?"

"नाही. त्या दिवशी पण. पहिल्याच दिवशी ऐकला होता मी."

ते गाडीला टेकून उभे राहिले. भिंतीवरच्या त्या अक्षरांकडे बघत.

"म्हणजे तू न ठोकता फिट लिहिलं."

एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. नोकरीत असताना एका माणसाबद्दल ते असंच बोलायचे, ज्यानं थंडीत कंटाळा करून हातोडी न मारताच खडू फिरवला होता. त्याच्याबरोबर यांनी पुढे कधी डबा खाल्ला नाही. ती गोष्ट मी कितीदा ऐकलेली.

मला रडू आलं. मी म्हटलं, "तुमचं एवढं एकच काम उरलं होतं म्हणून नाही सांगितलं."

त्यांनी ओलं फडकं घेतलं अन् भिंतीवरचं हातापुढचं फिट पुसलं. मग खडू घेतला. हात थरथरत होता, खडू भिंतीवर टकटक वाजत होता. शेवटी डाव्या हातानं लिहिलं, वेडंवाकडं. काय लिहिलं ते मला लगेच वाचता आलं नाही.

अकरा वाजता पोरगा आला. तयारीनंच आला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. त्यानं तोंड उघडायच्या आत यांनी त्याला भिंतीसमोर नेऊन उभं केलं अन् एकेक वाचून दाखवलं. प्लग, फिल्टर, कार्बोरेटर. झाकणापाशी आल्यावर माझी अन् पन्नीची गोष्ट सांगितली. पोरगा हसायला लागला, "आई, तू भी ना!" मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"यार्डात चालेल," त्यांनी वाचलं. "लाईनीवर नाही."

"मतलब?" पोरगा म्हणाला.

"काही वॅगन यार्डातल्या यार्डात फिरवाले ठीक असतात. लांब पाठवत नाही त्यायले. मी पाऱ्यात चालवीन. दूध, भाजी, चक्की. अंडरब्रिजच्या पलीकडे नाही. अन् तुही आई मागे बसणार नाही."

पोरगा चावी मागायला आलेला, त्याला आता काय मागावं ते कळेना. म्हणाला, "ठीक है बाबा. पाऱ्यात पण सांभाळून." त्याचे डोळे भरले होते, पण तो लगेच पंखा लावायच्या निमित्तानं आत गेला.

मी यांना विचारलं, "अन् मी सदरला कशी जाऊ?"

"रिक्षानं. मी येतो ना संगं."

आता तसंच चाललं आहे. दर आठवड्याला आम्ही दोघं ई-रिक्षात शेजारी शेजारी बसून सदर बाजारात जातो. मला ते अजून सवयीचं झालं नाही, इतकी वर्षं पाठ बघत गेली, आता तोंड दिसतं. त्या पायरीवरचा नोकर विचारत होता, "बाबूजी, गाड़ी बेच दी क्या?" हे म्हणाले, "नहीं. यार्ड में है." त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं मान हलवली.

त्या रविवारनंतर माझ्याशी हे चार दिवस कमीच बोलले. पाचव्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी धुऊन दोरीवर टाकली तर मागून आवाज आला, "ती कायले वाळवून राहिली आता?"

"दोरे ठेवाले," मी म्हणाली.

"दाखव बरं कुठे ठेवते ते," म्हणाले, अन् टाकीच्या झाकणाखाली पन्नी नाही ना ते उघडून दाखव म्हणून चावी माझ्या हातात दिली.